दाबून धरा

इचलकरंजीत आमच्या मागाला दोन बटणं होती.
हिरवं आत दबलेलं, चुकून लागू नये म्हणून.
लाल बाहेर आलेलं, फुगीर;
धोटा उडाला, सूत गुंतलं, की
न बघता तळहात आपटायचा.
बाबा म्हणायचे, सुरू करायला नेम लागतो,
थांबवायला नुसता हात पुरला पाहिजे.

हडर्सफील्डच्या बाजारात, चीजवाला आणि
पडदे शिवून देणारी बाई यांच्या मधल्या गाळ्यात
माझा दिवस एकाच बटणावर जातो.
चालूला तेच, बंदला तेच.
उजव्या कडेला, अंगठा आपसूक टेकतो तिथं.
आत पत्र्याची एक टिकली,
कपाळावरच्या टिकलीहून लहान.
दाबली की खळगा पडतो, सोडली की फुगते.
ती 'टिक्' आपोआप आलेली नाही.
कुणीतरी कुठंतरी शंभर नमुने दाबून पाहिले असतील,
आणि एकावर थांबून म्हणालं असेल,
हां, हा बरा वाटतो.

पीठ, धूळ, हातांचं क्रीम, एकदा साखरेचा पाक,
सगळं मी टाचणीनं काढतो.
हल्ली दाबून धरलं तरी फोन बंद होत नाही,
आतून एक बाई विचारते, काय मदत करू?
गिऱ्हाईक तिला म्हणतं, गप्प बस.
मग मी दोन बटणं एकदम धरायला शिकवतो.

मंगळवारी डोरीन आर्मिटेज आल्या.
फोन चहाच्या टॉवेलात गुंडाळलेला,
सोबत चार्जर, त्याची वायरसुद्धा नीट वळलेली.
बटणाचा रंग मधोमध नव्हता उडाला,
एका कोपऱ्यात उडाला होता, तर्जनीच्या टोकाएवढा.
"डावखुरे होते?" मी विचारलं.
'होते' तोंडातून गेलंच.
त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या,
"क्लिफर्ड. हो."

पडदा झोपू नये अशी सेटिंग त्यानंच केलेली,
मळ्याच्या तुकड्यावर, मातीच्या हातांनी वाचता यावं म्हणून.
सव्वा वर्ष फोन तसाच जागा.
उघडलेलं पान एकच:
लीकचे घेर, इंचांत. कुठला वाफा, कुठलं खत.
एका ओळीपुढे नुसतं, "गोगलगाई!!"
आता बटण आत रुतत चाललेलं,
आणि कुणी हात न लावता
पडद्यावर प्रश्न येत होता, बंद करू?
एकदा बंद झाला की चार आकडे मागणार.
ते आकडे क्लिफर्ड बरोबर घेऊन गेला.

"मी सगळं उतरवून देतो," म्हटलं.
"उतरवलेलं मुलीकडे आहे, शेफील्डला," त्या म्हणाल्या.
"मला हा चालू हवाय."

बटण बदलायचं तर आधी बॅटरी सोडवावी लागते.
हे सांगायला मला फार वेळ लागला.
त्यांना कळायला लागला नाही.

मग मी बदललं नाही. उपटलं.
सर्वांत बारीक पट्टी कडेत सरकवली, श्वास धरून.
चीजवाल्यानं रेडिओ बारीक केला, मी न सांगता.
कणीएवढं प्लास्टिक माझ्या बोटावर आलं.
टिकली मोकळी होऊन फुगली.
प्रश्न गेला. घेर दिसू लागले.
कडेला खाच राहिली, दात पडल्यासारखी.
आता बंद करायचं तर टाचणी लागेल
आणि नेम धरावा लागेल.
बाबांच्या नियमाच्या हे अगदी उलटं आहे,
माझ्या लक्षात आलं.

"किती झाले?"
भिंतीवर दुरुस्तीचे दर लावलेत,
बिघडवण्याचा नाही.
त्यांनी पाच पौंड ठेवले, मी तीन परत केले,
त्या रागावल्या, मी पाचही घेतले.

साडेपाचला बाजार मिटतो.
माझ्या शटरचं बटण दाबून धरावं लागतं,
बोट उचललं की ते जिथल्या तिथं थांबतं.
आज दोनदा थांबलं.
पडदेवाली म्हणाली, बिघडलं काय रे?
नाही म्हटलं, आणि पुन्हा दाबून धरलं,
खाली टेकेपर्यंत.